दीड मात्रा कमी

बाबा,

कागदावर मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणते आहे. लहानपणी घरात मी तुम्हाला ‘तू’च म्हणायची, आपल्याकडे सगळीच मुलं बापाला तू म्हणायची. कॉलेजात जायला लागल्यावर एक दिवस मी ‘तुम्ही’ म्हटलं, तेव्हा क्लॅरिनेट पुसता पुसता तुम्ही वर पाहिलंत आणि विचारलंत, "कोण पावनं आलंय काय घरात?" मी हसले नाही आणि ‘तू’वर परतही गेले नाही. एकदा तोंडातून गेलेलं मागे घ्यायचं नाही, हा माझा स्वभाव तेव्हापासूनचा. पुढे पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. बाईंकडून लाल शाई न लागता एकही वही परत येत नाही, असं मुलं म्हणायची आणि ते खरं होतं. एकच वही तपासायची राहिली. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, पहिल्या पानावर माझ्या तेव्हाच्या वळणदार अक्षरात ‘अमेरिकन बाजा’ असं लिहिलेली. ती आत्ता माझ्यासमोर आहे. तिच्याबद्दल तुम्हाला जे सांगायला हवं होतं ते सांगायला बसले आहे. क्रमाने सांगते.

तारापूरला वीजघर उभं राहत होतं तेव्हाची गोष्ट. बोईसरच्या रस्त्यावर दिवसभर ट्रकांची धूळ, आणि त्या धुळीतून तुमचा बँड लग्नाची वरात घेऊन चाललेला. तुम्ही पुढे, क्लॅरिनेटचं तोंड आभाळाकडे, अंगात लाल कोट, त्याचं एक बटण आईने पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं. त्या दिवशी मी बरोबर नव्हते, पण तुम्ही ही हकिकत इतक्यांदा सांगितलीत की मला ती दिसते. मागे एक जीप अडकली आहे. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतो आहे. आतला गोरा साहेब त्याचा हात धरून हॉर्न थांबवतो, खाली उतरतो आणि वऱ्हाडाच्या मागून चालायला लागतो. नवऱ्या मुलाच्या दारापर्यंत तो चालत आला. वीजघराच्या कामावरचा अमेरिकन इंजिनियर. तरुणपणी तो सॅक्सोफोन वाजवायचा. त्याने हातवारे करून तुमचं क्लॅरिनेट मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि तुटलेल्या चापेला, बोटाने दाबायच्या पट्टीला, गुंडाळलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बघून तुमच्या पाठीवर थाप मारली. रविवारी दुपारी घरी या, असा निरोप ड्रायव्हरकरवी दिला. त्याला मराठी येत नव्हतं, तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मी.

पालघरहून बोईसर आणि तिथून दुसरी एस.टी. बदलून आपण घिवलीच्या वाटेवर उतरलो. परदेशी माणसांची वसाहत तिथेच, समुद्राच्या वाऱ्यावर. खिडक्यांना जाळ्या, आणि फरशी इतकी गार की चपला बाहेर काढून आत येताना तुम्ही पावलं उचलून उचलून टाकत होतात. साहेबाने कपाटातून एक तबकडी काढली. त्याच वर्षी तिकडे निघालेली, त्याच्या भावाने पार्सलने पाठवलेली. कव्हरवर चार माणसं, सूट घातलेली. तिघे काळे, एक गोरा. सगळ्यात पुढचा डोळे मिटून सॅक्सोफोन फुंकतो आहे, आणि त्याच्या मानेच्या शिरा तुमच्यासारख्याच ताठलेल्या. तुम्ही कव्हर उलटं केलंत. मागे बारीक अक्षरांत मजकूर होता. "वाच गं, काय लिवलंय." मी ऐटीत वाचलं. कोण काय वाजवतो, कोणत्या गावचा, कोणाकडे शिकला. सबंध तबकडी एका दुपारी, एका खोलीत बसून भरली, असंही होतं. त्याच्या पुढचे दोन परिच्छेद मला कळले नाहीत. तुम्ही विचारलंत, "एवढं सगलं चौघं पाठ करतात? लिवून कोण देतं त्यांना?" मला कळलं नाही, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "त्यांचा मास्तर असतो."

मग सुई खाली आली. ड्रमवाला कातड्यावर केरसुणी फिरवल्यासारखं काहीतरी करत होता, त्याच्या मागून जाड तारांचं उभं वाद्य पावलं टाकत चाललं होतं, आणि सॅक्सोफोन त्यांच्या पुढे, पण घाई नसलेला. तुम्ही खुर्चीवर बसला नाहीत. जमिनीवर, भिंतीला टेकून, उजव्या हाताची बोटं मांडीवर. तुमची बोटं चापा शोधत हलताना मी बघते आहे. एका जागी तुम्ही माझा दंड धरलात. "दोनी गंधार घेतले बघ यानं. कोमल नि शुद्ध. एका घरात दोनी सुना, नि भांडण नाय." तबकडी संपल्यावर साहेब बोलला आणि मी भाषांतर केलं. मुंबईत त्याचा एक मित्र आहे, तोही परदेशी, तबकड्या भरण्याच्या धंद्यातला. महिन्याच्या शेवटी रविवारी तो इथे येणार आहे. तुम्ही त्याला वाजवून दाखवा. त्याला आवडलं तर तो मुंबईला नेऊन तुमची तबकडी भरेल.

परतीच्या एस.टी.त, मला वाटलं तुम्हाला झोप लागली, तेव्हा खिडकीकडे बघत बोललात. "आपला बाजा वाऱ्याचा. वाजला नि गेला. वऱ्हाडाचं ध्यान पंगतीत. वीस वर्सं वाजवतो, पण मी कसा वाजवतो तें मी एकदा पण ऐकलं नाय." मी म्हटलं, स्वतःचं वाजवणं तर ऐकूच येतं. "तें नाय गं. फुंकताना ऐकू येतो तो फक्त पुढचा सूर. एक तबकडी निघाली ना, तर बसून ऐकीन. दुसऱ्या कोणी वाजवल्यासारखा." सबंध महिन्यात या विषयावर तुम्ही एवढंच बोललात. पण दुसऱ्या दिवशी, वराती नसताना तुम्ही करायचात ती स्टोव्ह दुरुस्तीची कामं परत पाठवलीत, तेव्हा आईला आणि मला कळलं की हे तुम्ही किती मनावर घेतलं आहे.

साहेबाची तबकडी आपल्याला फक्त रविवारी दोन तास ऐकायला मिळणार. घरी यंत्र नाही. तुमचा कान पक्का, एकदा ऐकलेलं गाणं तुम्ही वरातीत वाजवत होतात, पण हे गाणं नव्हतं, धावती नदी होती. म्हणून ठरलं की मी स्वर लिहायचे आणि आठवडाभर तुम्हाला म्हणून दाखवायचे. सरगम तुम्हीच मला शिकवली होतीत. साहेब सुई मागे घेऊन घेऊन तोच तुकडा लावायचा, मी जमिनीवर पालथी पडून लिहायची. घरी पडवीत संध्याकाळी चौघे जमायचे. तुम्ही, कॉर्नेटवाले काका, मोठ्या पितळी भोंग्याचे एक गृहस्थ, आणि साईड ड्रमवाले मामा. मामा खरे मामा नव्हेत, पण त्यांना गावात सगळेच मामा म्हणत. मी मधे बसून वाचायची आणि तुम्ही ओळ ओळ घोकायचात.

पहिल्याच आठवड्यात मी एका ठिकाणी कोमल धैवताची खूण द्यायला विसरले. तुम्ही वाजवलंत, थांबलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "कॉलेजात जाऊन कान गहाण ठेवलेस काय गं? इंग्लिश येते, धैवत येत नाय." मामा हसले, काका हसले. मी खाली बघून खूण दुरुस्त केली. तुम्ही लागट बोललात हे तुम्हाला कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारातून माझ्यासाठी शाईचं पेन आलं. "लिवायला बरं पडेल," म्हणालात. पेन मी घेतलं. हसणं मात्र विसरले नाही. मी ठरवलं की आता या वहीत माझी एकही चूक निघता कामा नये. चूक होता कामा नये, असं नव्हे. निघता कामा नये. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता, असं मी म्हणणार नाही.

आता ती जागा. तबकडीतल्या सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या मधोमध सॅक्सोफोन पायऱ्या चढल्यासारखा वर वर जातो. शेवटच्या पायरीवर पोचता पोचता सूर कापल्यासारखा तुटायचा, बारीक ‘टक्’ व्हायचं आणि पुढची ओळ भलत्याच ठिकाणाहून सुरू व्हायची. ताल मोजला की दीड मात्रा कमी भरायची. पुन्हा लावलं तरी तसंच, पुढच्या रविवारीही तसंच. हॉटेलातली रेकॉर्ड अडकली की एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत बसते, हे आपल्याला माहीत होतं. ती पुढे उडीही मारते, हे तुम्हाला माहीत नव्हतं आणि मलाही नाही. म्हणून मी ऐकलं तसं लिहिलं. ‘टक्’साठी फुली काढली आणि बाजूला टीप दिली, ‘ड्रमच्या कडेवर एक काडी’.

मामांना ते जमेना, तुम्हाला म्हणाले, "मास्तर, ही पायरीच नाय. पाय ठेवतो तिथं भोक हाय." तुम्ही डोळे मिटून तेवढंच चार वेळा वाजवलंत. "कायतरी गेलंय इथनं," म्हणालात. मी म्हटलं, "काही गेलेलं नाही. मी वीस वेळा ऐकलंय. तिथे तसंच आहे." मग मामा मान वाकडी करून मोजायला शिकले. दोन आठवड्यांत चौघेही त्या जागी एकदम तुटायला लागलात आणि एकदम पुढे पडायला लागलात, मामांची काडी बरोबर कडेवर, टक्. तयारीला आठ-दहा दिवस उरले असताना तुम्ही ठरवलंत की हे रस्त्यावर वाजवून बघायचं. सातपाटीला हळदीची मिरवणूक होती, दुपारची. मीही आले होते. बायका पुढे नाचत होत्या, होड्या ओढून ठेवलेल्या वाळूवरून. तुम्ही अमेरिकन बाजा सुरू केलात आणि गंमत म्हणजे त्यांनी तो झेलला, कमरेत वाकून पावलं टाकायला लागल्या. मग ती जागा आली. दहा-बारा बायकांचे पाय एकदम हवेत राहिले. एक जण दुसरीवर आपटली. नवरीची आत्या, चांगली साठीची, कमरेवर हात ठेवून तुमच्यासमोर उभी राहिली. "काय वो मास्तर, तुमचा बाजा लंगडा झाला काय? का दुपारचीच लावून आलात?" सगळी मिरवणूक हसली. तुम्ही आयुष्यात थेंब घेतला नव्हता. तुम्ही लगेच नेहमीचं हळदीचं गाणं धरलंत आणि वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलंत.

परत येताना तुम्ही सायकल हातात धरून माझ्या बरोबरीने चालत होतात. "तो तबकडीतला मास्तर एवढा शाना," तुम्ही म्हणालात, "नि तिथंच कसा चुकला?" मी म्हटलं, "तो चुकला नाही. नाचणाऱ्या बायकांना कळलं नाही म्हणजे तो चुकला असं होत नाही. तबकडीत जसं आहे तसं मी लिहिलंय. तुम्हाला बदलायचं तर बदला, मग माझी वही कशाला?" तुम्ही सायकल दुसऱ्या हाताला घेतलीत. मग म्हणालात, "बरं. तू लिवलंस तर तसंच." बाबा, त्याआधी कुठल्याच गोष्टीत तुम्ही माझ्यापुढे माघार घेतली नव्हती. संगीतात तर सोडाच. त्या ‘बरं’ने मला इतकं बरं वाटलं की पालघर येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, उगाच काही बोलून ते कमी होईल म्हणून.

आणि त्यानंतरचा रविवार. शेवटचा, म्हणजे पाहुणा येण्याच्या आधीचा. साहेब कामावर गेला होता, घरात त्याची बायको एकटी. तुम्ही बाहेर ओट्यावर क्लॅरिनेटची पत्ती तोंडात भिजवत बसला होता. बाईंनी तबकडी कव्हरमधून काढली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. मला जवळ बोलावलं. तिच्या काळ्या पाठीवर केसासारखी एक रेघ होती. बाई नख न लावता त्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाल्या, हा ओरखडा बघ, पार्सल उघडताना माझ्या हातून झाला. इथे सुई उडी मारते आणि मधले काही सूर गळतात. मला हे आधीच सांगायला हवं होतं. साहेबांना वाटतं, तुम्हाला ते आपोआप कळलंच असेल. तुझ्या वडिलांना सांग, नाहीतर ते तसंच शिकतील.

मला एकूण एक शब्द कळला. कॉलेजात माझ्या इंग्रजीला कोणी नावं ठेवू शकत नव्हतं. तुम्ही ओट्यावरूनच विचारलंत, "काय म्हणते गं बाई?"

मी म्हटलं, "म्हणते, तबकडी जपून हाताळा."

"मंग! सांग त्यांना, आमी हात पण लावत नाय," तुम्ही म्हणालात, आणि बाईंकडे बघून हात जोडलेत. बाईंना वाटलं तुम्ही आभार मानता आहात.

हे सगळं घडायला किती वेळ लागला असेल? साईड ड्रमच्या चार मात्रा. त्या रात्री सांगीन, उद्या सांगीन, असं मी मनाशी म्हणत होते, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. मी हिशेब घातला की ओरखडा सांगितला तर सातपाटीच्या रस्त्यावर बोललेलं पुसावं लागेल, ‘तू लिवलंस तर तसंच’ परत द्यावं लागेल, आणि मामा पुन्हा हसतील. उरलेल्या आठवड्यात गळलेले सूर शोधायचे कुठून, असंही एक कारण मी तयार ठेवलं होतं. ते खोटं होतं. तुम्हाला नुसतं सांगितलं असतं तर तुम्ही पडवीत उभ्या उभ्या ती पायरी भरली असतीत. वीस वर्षं तुम्ही दुसरं काय केलंत? लोकांची गाणी अर्धी ऐकून पुरी वाजवलीत.

पाहुण्याचा दिवस. साहेबाच्या घरामागे बदामाच्या झाडाखाली खुर्च्या मांडलेल्या. तुम्ही चौघे लाल कोटात, आईने या वेळी बटण लाल दोऱ्याने लावलं आहे. टेबलावर फितीवर आवाज उतरवण्याचं यंत्र आहे, त्याचं झाकण बंद. पाहुणा उंच, किडकिडीत, एक हात सारखा त्या झाकणावर. मी तुमच्या डाव्या हाताला, मांडीवर वही उघडी, बोट ओळीवर. वाजवताना तुम्ही वहीकडे बघत नव्हतात, तुम्हाला ती मुखोद्गत होती. पण माझं बोट ओळीवरून सरकताना दिसलं की धीर येतो, असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून मी बोट ठेवून बसले होते.

तुम्ही सुरू केलंत. सुरुवातीलाच पाहुण्याने खुर्ची पुढे ओढली. तुमच्या क्लॅरिनेटमधून तो कव्हरवरचा मिटल्या डोळ्यांचा माणूस निघत होता, आणि तरी तो बोईसरच्या रस्त्यावरून चाललेला होता, धुळीतून. साहेब पाहुण्याकडे असा बघत होता, जसं काही तुम्ही त्याचेच कोणी लागता. पाहुण्याने यंत्राच्या झाकणाची एक कडी उघडली. पायऱ्या चढायला सुरुवात झाली होती. वर, आणखी वर. चौघे एकदम तुटलात. मामांची काडी कडेवर पडली, टक्. चौघे एकदम पुढे पडलात.

पाहुणा मोठ्याने हसला. साहेबही हसला, तोंडावर हात धरून, पण हसलाच. पाहुणा साहेबाला इंग्रजीत म्हणाला, "अरे, ओरखडासुद्धा! यांनी तुझा ओरखडासुद्धा पाठ केलाय!" त्यात दुष्टपणा नव्हता. मला वाटतं त्याला ते अचाट वाटलं होतं. पण बाबा, तुम्हाला फक्त हसू ऐकू आलं. तुम्ही वाजवणं न थांबवता डोळे माझ्याकडे वळवलेत. बाईसुद्धा माझ्याकडेच बघत होत्या.

वरातीच्या बाज्याचा रिवाज असा की कोणतीही चीज दोनदा वाजवायची. पहिल्यांदा माणसांसाठी, दुसऱ्यांदा देवासाठी, असं तुम्ही म्हणायचात. म्हणजे ती जागा पुन्हा येणार होती. तेवढ्या वेळात मी बोट उचलू शकत होते. मान हलवू शकत होते. तुम्ही माझ्या बोटाकडे बघत होता, त्याच्यावरून नजर काढत नव्हता, आणि मला माहीत होतं की मी बोट उचललं तर तुम्ही ती पायरी आपल्या मनाने भराल आणि कोणाला कळणारही नाही. मी बोट ओळीवर ठेवलं. फुलीपर्यंत आणलं. टक्. या वेळी ते आधीच हसायच्या तयारीत होते.

संपल्यावर पाहुण्याने टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले आणि हात पुन्हा झाकणावर ठेवला. तो मला म्हणाला, यांचा कान असामान्य आहे. आता यांना म्हणावं, स्वतःचं काहीतरी वाजवा, रस्त्यावर वाजवता ते. तुम्ही विचारलंत, "काय म्हणतो? हसले का?"

"त्यांना आवडलं."

"आवडलं तर असं नाय हसत कोणी."

"आता तुमचं काहीतरी वाजवा म्हणतात. रस्त्यावर वाजवता ते."

तुम्ही त्या झाकणाकडे बघितलंत. एक कडी उघडी, एक बंद. "म्हंजे हे नाय चाललं," तुम्ही म्हणालात. मामा पुटपुटले, "हळदीचं घ्या ना मास्तर, घ्या." तुम्ही मामांकडे वळलासुद्धा नाहीत. "सांग त्यांना, आज एवढंच." आणि क्लॅरिनेट सोडवायला लागलात. एक एक तुकडा वेगळा, प्रत्येक पुसून पेटीत, जागच्या जागी. ते पाच तुकडे पेटीत जाईपर्यंत मला वेळ होता. ओरखड्याला हसले, आपल्याला नाही, चूक माझी आहे. एवढं एक वाक्य. ते ऐकून तुम्ही स्वतःच हसला असतात आणि हळदीचं असं वाजवलं असतंत की त्या माणसाने दोन्ही कड्या उघडल्या असत्या. पाहुण्याने शेवटी हात काढून घेतला. जाताना बाईंनी मला दाराशी गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, "तू त्यांना सांगितलं नव्हतंस?" मी म्हटलं, "विसरले." बाईंनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, हे मला इंग्रजी येत असूनही कळलं नाही.

एस.टी.त तुम्ही पेटी मांडीवर घेऊन बसला होता. बोईसर मागे पडल्यावर म्हणालात, "मी एकदा पण चुकलो नाय. बघितलंस ना? दोनी टायमाला, तू लिवलंस तसंच."

"हो."

"मंग झालं," तुम्ही म्हणालात. "त्यांचा बाजा त्यांना."

वीजघराचं काम सरलं आणि साहेब आपल्या देशी गेला. जाताना त्याने ड्रायव्हरबरोबर ती तबकडी तुम्हाला पाठवून दिली. तुम्ही कव्हर पडवीत खिळ्याला टांगलंत, देवांच्या तसबिरीच्या खालच्या ओळीत. कोणी विचारलं की हे कोण, तर म्हणायचात, "आमच्यातलेच. बाजावाले." मनोरहून एक वऱ्हाडी वरातीची सुपारी द्यायला आला होता, तो म्हणाला, "काळे दिसतात हो फार." तुम्ही म्हणालात, "दिवसभर वरातीत चाला, तुमी पण व्हाल." तो बाजा मात्र तुम्ही पुन्हा वाजवला नाहीत. मला नोकरी लागल्यावर तबकडी ऐकायचं यंत्र घेऊन देईन, असं मी तुम्हाला म्हटलं होतं. नोकरी लागली. पहिल्या वर्षी मी आईला शिलाईचं मशीन घेतलं, दुसऱ्या वर्षी भिंतीवरचं घड्याळ. यंत्र घरात आलं असतं तर तुम्ही ती तबकडी उजेडात धरून पुसली असतीत, आणि तुमची बोटं काहीही शोधून काढत. चौथ्या वर्षी तुम्ही गेलात. तुमच्या वाजवण्याचा एकही सूर कुठे राहिलेला नाही. ही वही आहे.

गेल्या महिन्यात मी नातीला कव्हरवरची नावं वाचून दाखवली आणि तिने दोन मिनिटांत तीच तबकडी फोनवर लावून दिली. स्वच्छ. पायऱ्या चढतात, सूर वर पोचतो, तिथे जरासा रेंगाळतो आणि सावकाश खाली येतो. टक् नाही, काही नाही. दीड मात्रा जागच्या जागी. नात म्हणाली, "आजी, याच माणसाने हेच नंतर दोनदा रेकॉर्ड केलंय. दर वेळी वेगळंच वाजवतो. यांचं लिहिलेलं नसतंच काही, तिथल्या तिथे सुचेल ते." मी चष्मा लावून कव्हरच्या मागचे ते दोन परिच्छेद वाचले. त्यांत हेच होतं. त्या माणसाने स्वतः ते जन्मात दुसऱ्यांदा तसं वाजवलं नाही. दोनदा, एक सूर इकडचा तिकडे न करता, फक्त तुम्ही वाजवलंत.

वही पुरी करावी म्हणून मी लाल पेन घेऊन बसले. गळलेले सूर ऐकून ऐकून कच्च्या कागदावर उतरवले, चारच आहेत, त्यांत तो कोमल धैवतही आहे. फुलीच्या शेजारी जागाही आहे. पण पेन टेकवलं नाही. हे पत्र आता त्याच पानात ठेवणार आहे, ते कुठे पाठवायचं हे मला माहीत नाही आणि नातीला मी काही सांगितलेलं नाही. ती रोज एकदा ते लावून देते, मला आवडतं म्हणून. एक गोष्ट कबूल करते. ती जागा आली की माझं बोट टेबलाच्या कडेवर आपटतं आणि मी दीड मात्रा आधीच पुढे गेलेली असते. तो वरच्या सुरावर रेंगाळत राहतो, आणि दर वेळी मला वाटतं, चुकला. तू बरोबर वाजवलं होतंस, बाबा.